नागपूरहून चार दिवसांची सहल: एकच दिशा धरा

ताई, तुमचा बेत मी दोनदा वाचला. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं येणार, घरी सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, तुम्ही दोघं. अशी आठ माणसं. पहिल्या दिवशी रामटेक आणि सेवाग्राम, दुसऱ्या दिवशी ताडोबा, तिसऱ्या दिवशी चिखलदरा, चौथ्या दिवशी शेगाव आणि लोणार, पाचव्या दिवशी नागपुरात परत. यासाठी गाडी बरी की रेल्वे, एवढंच तुम्ही विचारलंय. पण आधी बेताचंच बघायला हवं, मग गाडी की रेल्वे हे आपोआप ठरेल.

नागपुरातून लोकांच्या सहली आखून देण्याचं काम मी २२ वर्षं करतोय. सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक हीच. नागपूर मध्यावर आहे, इथून सगळं जवळ, असं आपल्याला लहानपणापासून वाटत असतं. झीरो माईलचा दगड आपल्याकडे, मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मुख्य लोहमार्ग आपल्याकडेच एकमेकांना छेदतात. पण मध्यावर असण्याचा दुसरा अर्थ असा की प्रत्येक ठिकाण वेगळ्या दिशेला आहे. रामटेक ईशान्येला, ताडोबा दक्षिणेला, चिखलदरा, शेगाव आणि लोणार पश्चिमेला. तुमचा बेत मी कागदावर जोडून पाहिला. अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे निव्वळ गाडीत बसून पंचवीस-सव्वीस तास. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्या वाट्याला विदर्भ नाही, फक्त गाडीची काच येईल.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो: एका सहलीत एकच दिशा, आणि तीन रात्रींसाठी जास्तीत जास्त दोन मुक्काम. रोज सकाळी बॅगा भरणं, खोली सोडणं, सामान चढवणं यात सहज दीड तास जातो, आणि तो दिवसातला सगळ्यात चांगला दीड तास असतो.

आता दिशा निवडू. तुमच्यासमोर खरे पर्याय दोन आहेत.

पहिला दक्षिणेचा: वर्धा, सेवाग्राम, वरोरा, चंद्रपूर, ताडोबा. हा गाडीचा मार्ग. दुसरा पश्चिमेचा: शेगाव आणि लोणार. यात शेगावपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे भाड्याची गाडी. आठ माणसं, त्यात दोन मुलं आणि दोन ज्येष्ठ, हे बघता मी तुम्हाला दक्षिणेचा मार्ग सुचवेन. तोच आधी सविस्तर सांगतो.

ताडोबाचा बेत उलट बाजूने आखावा लागतो. आधी सफारीची तारीख आणि गेट, मग बाकी सगळं. कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची, सफारी मंगळवारी बंद असते, हे लक्षात न घेता सोमवारी रात्री मुक्कामाला पोचलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंदच असतो, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास जंगल उघडून थोडेच दिवस झालेले असतात. गवत उंच असतं, वाघ दिसणं उन्हाळ्याइतकं सोपं नसतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. जंगल हिरवं असतं, पाणवठे भरलेले असतात, गवे आणि रानकुत्री दिसू शकतात. वाघ दिसला तर तो वरचा आनंद.

गेटचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. कोलारा गेट उमरेड-चिमूरच्या बाजूने, नागपूरकरांना जवळचं. मोहर्ली गेट चंद्रपूरच्या बाजूने. नकाशावर दोन्ही गेटं एकमेकांच्या शेजारी वाटतात, पण मधे जंगल आहे आणि तुमची गाडी त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही, बाहेरून लांबचा वळसा घ्यावा लागतो. नुसती सफारी करून परत यायचं असेल तर कोलारा घ्या. पण वर्धा, आनंदवन, भद्रावती, चंद्रपूर हे सगळं जोडायचं असेल तर मोहर्लीच हवं. एका ठिकाणी गेट बुक आणि दुसऱ्या टोकाला हॉटेल बुक, असा घोळ दर हंगामात कोणाचा ना कोणाचा होतोच.

जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात. तुम्ही आठ आहात, म्हणजे दोन जिप्सी. आई-बाबांना जिप्सीत चढणं आणि चार तास कच्च्या रस्त्यावर हादरे खाणं झेपेल का, हे बुकिंगआधी त्यांनाच मोकळेपणाने विचारा. ते नको म्हणाले तर उरलेले सहा जण एकाच जिप्सीत मावतात आणि खर्च निम्म्यावर येतो. बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं. प्रत्येकाचं ओळखपत्र बुकिंगच्या नोंदीशी जुळायला हवं आणि गेटवर मूळ प्रत दाखवावी लागते. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवर ठेवा. पहाटेची सफारी उघड्या गाडीत असते. नागपुरात पंखा चालू असतो म्हणून स्वेटर कोणी घेत नाही आणि मोहर्लीच्या गेटवर मुलं कुडकुडतात. कानटोपी आणि एक जाड शाल प्रत्येकी, एवढं घ्याच.

आता दिवसांकडे येतो. पहिल्या दिवशी सकाळी घरून तर्री पोहे खाऊन निघा. बुटीबोरीवरून वर्ध्याच्या रस्त्याला लागलात की वाटेत केळझरचा गणपती. पुढे पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. आश्रमाचं काम चालू असताना जमिनीतून निघालेल्या जुन्या मूर्ती तिथेच भिंतीत आणि आवारात बसवल्या आहेत. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच जागा, असं काही अभ्यासक मानतात. नदीकाठी तासभर बसता येतं, आई-बाबांना चालावं फार लागत नाही. दुपारचं जेवण वर्ध्यात करा, निघताना गोरसपाक ही तिथली बिस्किटं बांधून घ्या (मुलांना दुधासोबत द्या, सहल संपेपर्यंत पुरवून खातील), आणि चारच्या आत सेवाग्रामला पोचा.

सेवाग्रामला लोक वीस मिनिटांत बापू कुटी बघून निघतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा व्हायला लागला, म्हणून १९४० साली नाव बदलून सेवाग्राम केलं. मुलांना हे जरूर सांगा, कारण दुसऱ्या शेगावची कचोरी त्यांना माहीत असते. आवारात गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ. कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी हाताने उठवलेली ताडाची झाडं दिसतात. आणि लहान मुलांना हमखास खिळवून ठेवणारी वस्तू म्हणजे साप पकडायचा लांब लाकडी चिमटा आणि त्याची पेटी. साप मारायचा नाही, धरून लांब सोडून द्यायचा, म्हणून हा चिमटा. माझ्यासोबत आलेली एक आठ वर्षांची मुलगी त्या पेटीसमोर अर्धा तास उभी होती. घरी गेल्यावर तिने आजीला आधी तेच सांगितलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा. उघड्यावर, जमिनीवर बसून होते. दिवे कमी असतात, अंधार हळूहळू उतरतो, मागे झाडांवर पक्ष्यांचा कलकलाट चालू असतो आणि तो थांबता थांबता प्रार्थना संपते. ज्येष्ठांना खाली बसता येत नसेल तर एखादी घडीची खुर्ची गाडीत ठेवा. पहिला मुक्काम वर्धा किंवा सेवाग्राममध्येच करा. प्रार्थनेनंतर अंधारात पुढचा प्रवास करू नका.

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटकडून वरोऱ्याला. वरोऱ्याला लागूनच आनंदवन. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं हे गाव आहे, तिथे माणसं राहतात आणि काम करतात. म्हणून आधी फोन करून वेळ विचारा, फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या, आणि तिथल्या हातमागाचं, हस्तकलेचं काही ना काही विकत घ्या. दोन तास पुरतात. पुढे भद्रावतीला पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी एकमेकांपासून जवळ आहेत. दोन्ही बघायची तर चांगला तास-दीड तास लागतो. आई-बाबा थकले असतील तर फक्त मंदिर करा. संध्याकाळी उजेड असतानाच मोहर्लीला पोचा. इथे दोन रात्री.

तिसरा दिवस पहाटेच्या सफारीचा. परत आल्यावर नाश्ता आणि झोप, यात कोणीही काही घुसवू नये. चारनंतर हवं तर चंद्रपूर: गोंड राजांनी बांधलेला शहराभोवतीचा परकोट आणि त्याचे दरवाजे, महाकालीचं देऊळ, अंचलेश्वर आणि शेजारी गोंड राजांच्या समाध्या. जटपुरा दरवाज्यातून आजही शहराची रहदारी जाते, ते मुलांना गाडीतूनच दाखवता येतं. चंद्रपूर-मोहर्ली रस्ता जंगलातला आहे, दिवेलागणीआधी परत फिरा. नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

चौथ्या दिवशी चंद्रपूर-वरोरा-जाम-बुटीबोरी असे सरळ नागपूर. साधारण दीडशे किलोमीटर, त्यात मोहर्लीपासूनचा तुकडा वेगळा. दुपारच्या जेवणाला घरी.

रामटेक या सहलीत घालू नका. पन्नास किलोमीटरवर आहे, पाहुणे पोचतील त्याच्या दुसऱ्या दिवशी निवांत अर्ध्या दिवसात होतं. गडावर वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे पायऱ्या कमी चढाव्या लागतात. राममंदिराकडे जाताना वाकाटक काळातली नरसिंहाची दोन देवळं लागतात, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. बहुतेक लोक ती न बघताच पुढे जातात. मूर्ती एवढी भव्य आणि गाभारा एवढा छोटा की आत पाऊल टाकल्यावर माणूस आपोआप गप्प होतो. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, अशी परंपरा आहे. भावाला साहित्याची आवड आहे म्हणालात, त्याला कालिदास स्मारकावर संध्याकाळी न्या.

आता गाडीचं. आठ माणसांना एक सात आसनी गाडी पुरत नाही, हे उघड आहे. दोन गाड्या किंवा एक टेम्पो ट्रॅव्हलर. मी ट्रॅव्हलर सांगेन, सगळे एकत्र राहतात आणि तुमच्यापैकी कोणाला चालवावं लागत नाही. पण तिची पायरी उंच असते. स्वयंपाकघरातला एक लहान, भक्कम स्टूल घ्या. आई-बाबांना दिवसातून आठ-दहा वेळा चढ-उतार करायची आहे, आणि त्या स्टुलामुळे त्यांचे गुडघे चौथ्या दिवशीही चालते राहतील. भाडं ठरवताना एक लक्षात ठेवा: किलोमीटरवर भाडं घेणारे बहुतेक जण दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. तुमचा रोजचा प्रवास त्याच्या निम्म्याइतकाच आहे. त्यामुळे चार दिवसांचा एकरकमी भाव मागा आणि त्यात टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम धरलाय का, ते लिहून घ्या. ड्रायव्हरच्या झोपायची सोय नीट आहे ना, हे तुम्ही स्वतः बघा. पहाटे सफारीच्या गेटवर सोडणारा माणूस रात्री गाडीतच झोपलेला नसावा.

वेळेचा हिशोब मी असा करतो: नकाशा दोन तास म्हणाला की अडीच ते पावणेतीन धरायचे. लहान मुलं आणि ज्येष्ठ सोबत असले की दर दीड तासाला थांबावंच लागतं. दिवाळीत सोयाबीन निघालेलं असतं, कापूस वेचणी सुरू असते, रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. रात्री रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात. संध्याकाळी सहानंतर गाडी रस्त्यावर नको, हा माझा नियम मी माझ्या कोणत्याही ग्राहकासाठी मोडत नाही.

पश्चिमेचा मार्ग निवडलात तर मात्र रेल्वेच. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव हे सगळं मुंबईच्या मुख्य लाइनवर आहे, शेगाव सुमारे २९० किलोमीटर. गाडी निवडताना शक्यतो नागपूर, अजनी किंवा गोंदियाहून सुटणारी घ्या. हावड्याकडून येणारी गाडी आपल्याकडे पोचेपर्यंत कधीकधी तासन् तास उशिरा धावत असते, आणि छोट्या सहलीत तो उशीर भरून काढायला जागाच नसते. तिकिटावर गाडी नागपूर स्टेशनवरून आहे की अजनीवरून, ते दोनदा वाचा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं त्याच दिवशी सकाळी काढावं लागतं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता आणि बाकीचं ११ वाजता, पण आठ जणांसाठी त्यावर अवलंबून राहू नका.

इथेच स्टेशनांबद्दल एक सांगतो, कारण वर्ध्याला रेल्वेने जाणारे सगळेच यात फसतात. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी जंक्शनं आहेत. बल्लारशाकडे, दक्षिणेत जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरून वळतात, वर्ध्याला जातच नाहीत. आणि सेवाग्राम स्टेशन म्हणजे आश्रम नव्हे, तिथून आश्रम काही किलोमीटर लांब आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात मे महिन्यात मी एका गटासाठी गाडी वर्धा स्टेशनवर उभी केली आणि माणसं सेवाग्रामला उतरली. तेव्हा फोन सगळ्यांकडे नव्हते. पाऊण तास ती मंडळी उन्हात उभी होती, त्यात एक आजोबा होते, त्यांना भोवळ आली. चूक माझी होती. तेव्हापासून मी प्रत्येक बेताच्या कागदावर स्टेशनचं पूर्ण नाव आणि बाहेर कुठल्या बाजूला गाडी उभी असेल, ते लिहून देतो.

शेगावला पहिल्या दिवशी दर्शन. गुरुवार, रविवार आणि एकादशी सोडून दिवस धरा. ज्येष्ठांसाठी काय सोय आहे ते सेवेकऱ्यांना विचारा, ते फार आपुलकीने मदत करतात. भक्तनिवासात खोली मिळाली तर उत्तम. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने खामगाव-मेहकर मार्गे लोणार, तीन तास धरा. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. खाली उतरायचं तर सकाळीच, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, आणि वर चढताना दुप्पट वेळ. आई-बाबांना खाली नेऊ नका. त्यांच्यासाठी काठावरून दिसणारं तळं आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर पुरेसं आहे. मंदिर सपाटीवर आहे आणि भिंतींवरचं शिल्पकाम बघताना तास कसा जातो कळत नाही. वेळ उरला तर सिंदखेड राजा, जिजाऊंचं जन्मगाव, लखुजी जाधवांचा वाडा. नाही उरला तर राहू द्या.

लोणारला थेट स्वतःच्या गाडीने जायचं कोणी सुचवेल, मेहकरपर्यंत समृद्धी महामार्ग आहे म्हणून. जाता येतं, रस्ता उत्तम आहे. पण तो इतका सरळ आणि एकसुरी आहे की चालवणाऱ्याचं डोळे उघडे असतानाच भान सुटतं. कमाल वेग ताशी १२० किलोमीटर आहे, तुम्ही १०० च्या आत ठेवा. हा महामार्ग सुरू होतो त्या शिवमडक्याला चढायच्या आधीच टाकी भरा. टायर बघून घ्या. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या ३५व्या आठवड्यातला. सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन मी त्या रस्त्यावर कोणाला जाऊ देत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो. हवा सकाळी टायर गार असताना तपासा.

चिखलदऱ्याबद्दल थोडंच सांगतो. जागा सुंदर आहे, गाविलगड आहे, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथे. पण परतवाड्यानंतरचा घाट लहान मुलांना लागतो, आणि एका रात्रीसाठी एवढं जाणं म्हणजे जाऊन नुसतं झोपणं. ऑगस्टमध्ये तीन दिवस काढून फक्त तेवढंच करा.

आता तुम्ही लगेच करायची कामं. आज रात्री आई-बाबांना जिप्सीबद्दल विचारा. उद्या मोहर्ली गेटच्या पहाटेच्या सफारीसाठी तीन तारखा बघा, मंगळवार सोडून. भाऊबीजेच्या दिवशी सगळे घरी असणार, त्यामुळे तिच्या दुसऱ्या दिवशी निघालात तर तिसऱ्या पहाटे सफारी येते. ती तारीख मिळाली की मोहर्लीच्या दोन रात्री, मग वर्ध्याची एक, आणि सगळ्यात शेवटी गाडी. सफारी मिळालीच नाही तर वेळ न घालवता त्याच दिवशी शेगावची तिकिटं बघायला घ्या, आणि तारखा मला कळवा. शेगाव ते लोणारचा दिवस मी तासागणिक लिहून देतो.